चांदणीची ओळ

रात्री पावणेबाराला सिद्राईचा फोन :
"मॅडम, बिल पडंना झालंय बघा.
गाडी भरून गेटात उभी आहे."
उद्यमबागेत, साठ नग पंपाचं केसिंग,
आणि भाड्याच्या रकान्यात शून्य.
मागून मल्लेशी ड्रायव्हरचा आवाज : आयतेनु?
नाही आयतु. अजून नाही.

कमांडच्या खिडकीत तिरकी रेघ आणि एच,
एंटर मारते, आणि प्रोग्राम
अंधारात जिना उतरल्यासारखा
एकेक पायरी चाचपत चालू लागतो.
एफ-पाच : आत शिर.
एफ-सहा : दारावरून पुढे हो.
एफ-सात : उगाच शिरलीस, बाहेर ये.
एफ-आठपासून बोट लांब ठेवते;
एकदा पडलं की सगळं भरधाव निघून जातं
आणि पुन्हा पहिल्यापासून तेच दळण.

झोनच्या टेबलापाशी थांबले.
सिलेक्ट गेलं, रिकाम्या हाताने परतलं.
सबआरसी चार.
शून्य म्हणजे सापडलं, चार म्हणजे नाही.
मशीनला त्याचं सुखदुःख काही नाही,
ते चार घेऊन तसंच पुढे जातं
आणि भाडं शून्य लावतं.

ऑर्डरवर आठ इंग्रजी अक्षरं : बेळगावी.
टेबलात सात : बेळगाम.
आणि मी जे बोलते, बेळगाव,
ते तर कुठल्याच टेबलात नाही.

मंगळवारी नव्या मुलीनं मास्टर साफ केले.
ऑडिट आहे, सगळीकडे नवं नाव करा, असं सांगितलं होतं.
तिनं केलं. चूक नाही तिची.
मला तरी काय नवल?
माझं आडनाव रेशनकार्डावर उचगावकर,
बँकेत ऊचगावकर,
आणि पासपोर्टात एक अक्षर कमीच.
माणसं समजून घेतात.
बरोबरचं चिन्ह समजून घेत नाही.

झेडनं सुरू होणाऱ्या आमच्या घरच्या
सगळ्या प्रोग्रामांत तो जुना शब्द शोधायला लावला.
चहा गार झाला.
त्रेचाळीस जागा.
कोड-तपासणी सहा वर्षं सांगतच होती :
ओळ चारशे बारा, नाव थेट लिहिलेलं आहे.
पिवळा त्रिकोण.
लाल नव्हता, म्हणून आम्ही सगळे
(मीसुद्धा, दोनदा)
त्याला ओलांडून गेलो.

चारशे बाराच्या डोक्यावर चांदणीची ओळ.
चांदणीनं सुरू होते ती ओळ मशीन वाचत नाही,
ती माणसांची.
रोमन अक्षरांत मराठी :
"नाव बदलणार म्हणतात. बदललं तर हितं बघा.
क. हुंदरे, २००९."

डीबगरमध्ये तो चार खोडून
हातानं शून्य लिहिता येतो.
एफ-आठ, आणि गाडी निघाली.
बोट गेलंही होतं तिकडे.
पण लॉगमध्ये नाव राहतं,
आणि उद्या रात्री पुन्हा पावणेबाराला
पुन्हा सिद्राई.

मल्लेशीला म्हटलं, पाऊण तास झोपा.
नावाच्या जागी पिनकोड घातला,
पाच नऊ शून्य, शून्य शून्य आठ.
आकड्याला कुठली भाषा विचारत नाहीत.
तपासणी चालवली, दोन त्रिकोण गेले,
एक राहिला, तो उद्या.
ट्रान्सपोर्ट सुटलं.
सबआरसी शून्य.
फोनमधून आधी गेटाची साखळी ऐकू आली,
मग हॉर्न, एकच, छोटा.

हुंदरेंची ओळ पुसली नाही.
खाली माझी एक चांदणी घातली :
बदललं. बघितलं.

सकाळी त्यांना फोन लावला.
खानापुरात बॅटरीचं दुकान चालवतात आता.
"चार आला काय?" एवढंच म्हणाले.
मागे कुणीतरी कन्नडात
ॲसिडचा भाव विचारत होतं,
ते त्याला कन्नडात सांगून
पुन्हा माझ्याकडे वळले :
"बाकीचे बेचाळीस?"